वाटपाची वेळ आणि वाड्याची वीज

गोव्यात मोपाच्या सड्यावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. या विमानतळाचा स्वतःचा सौर प्रकल्प आहे. पण उन्हावर विमानतळाऐवजी एखादा वाडा चालवायचा झाला तर?

पुणे जिल्ह्यातल्या डोंगरात दरेवाडी नावाची वस्ती आहे. २०१२ साली ‘ग्राम ऊर्जा’ या कंपनीने तिथे ९.४ किलोवॉटचा सौर प्रकल्प उभारला. चाळीसेक घरे, पथदिवे आणि पिठाची गिरण एवढा भार त्यावर, आणि कारभार गावकऱ्यांच्याच न्यासाकडे. हिशेब मांडून बघा: घरटी जेमतेम २३५ वॉट, तेही भर दुपारच्या स्वच्छ उन्हात!

आता परत गोव्यात, पेडण्यातल्या कुठल्याही रांदपघरात या. हुमणाचे वाटप करणारा मिक्सर साधारण ७५० वॉटचा. चाळीस घरांतले मिक्सर एकाच क्षणी फिरले, तर मागणी ३० किलोवॉट, म्हणजे अशा प्रकल्पाच्या तिपटीहून जास्त. गंमत अशी की ते सहसा एकदम फिरतच नाहीत. एकीचे वाटप मुले शाळेत जाण्याआधी, दुसरीचे नुस्ते घरात आल्यावर. या मागेपुढे होण्याच्या भरवशावरच अभियंते छोट्या प्रकल्पातून इतकी घरे चालवू शकतात. मोठ्या वीजजाळ्यांचा हिशेबही याच तत्त्वावर बसतो. आणि वाड्याचे हे वेळापत्रक कुठल्याही मीटरआधी बायकांना तोंडपाठ असते.

गिरणीचेच घ्या. तिची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. संध्याकाळी पॅनेल थंड, घरोघरी दिवे लागलेले आणि सगळी भिस्त बॅटरीवर. अशा वेळी गिरण सुरू केली तर वाडा काळोखात जाऊ शकतो. दुपारी मात्र बॅटरी भरल्यावर उरलेली वीज वायाच जाते. मग दळण दुपारीच का नको? कारण दळण नेणारी बाई त्या वेळी शेतात किंवा कामावर असते. ही अडचण तारांच्या नकाशात दिसत नाही. ती तिलाच विचारावी लागते.

नेपाळने हे वेळीच ओळखले. १९९६ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या ग्रामीण ऊर्जा विकास कार्यक्रमात ओढ्यांवर छोटी वीजघरे बांधताना प्रत्येक घरातून एक पुरुष आणि एक स्त्री गावातल्या गटांत सभासद म्हणून घेतले जात. दोघांचे गट वेगवेगळे, त्यामुळे बायकांना मोकळेपणाने बोलता येई.

आपल्याकडे पंचायतीत बायकांना राखीव जागा आहेत. तरीही वीज म्हटली की बोलणी पुरुषांशीच होतात. तेव्हा ग्रामसभेत सौर पंप, पथदिवे किंवा पॅनेलचा विषय निघाला, तर त्यासाठीच्या समितीतल्या निम्म्या जागा बायकांना द्या. उद्घाटनाला ओवाळायला बोलावण्याआधी त्यांना आराखड्याच्या बैठकीला बोलवा.