जुन्या सायकलीचे कोळपे

पेरणी साधली, उगवण चांगली झाली, की शेतकरी गड्याला वाटते आता आठ दिवस जरा टेकावे. पण खरा घोर तिथूनच सुरू होतो. पंधरा-वीस दिवसांत रान हिरवेगार दिसू लागते. त्यात पीक किती आणि केना, दीपमाळ, लव्हाळा, हरळी किती, हे बांधावरून कळत नाही. आत उतरले की कळते. सोयाबीनला पहिले सहा आठवडे तणापासून जपले पाहिजे, हे आता गावोगाव सगळ्यांना पाठ आहे. तरीही दरवर्षी निम्म्या रानांची कोळपणी उशिरा होते. याला शेतकऱ्याचा आळस कारणीभूत आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही.

कारण साधे आहे. पावसाळ्यात रान वाफशावर येते ते दोन-तीन दिवस. त्याआधी गेले तर चिखल, नंतर गेले तर ढेकळे. आणि हा वाफसा साऱ्या गावाला एकाच वेळी येतो! ज्याच्या दावणीला बैल आहेत तो आधी स्वतःचे रान उरकणार, मग भावकीचे, मग ज्याने आगाऊ पैसे दिले त्याचे. दीड-दोन एकरवाल्याची पाळी येईपर्यंत पुन्हा झड लागलेली असते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. म्हणजे सरासरीचा शेतकरी सव्वातीन एकरांचा, आणि कित्येक त्याच्याही खाली. एवढ्या रानावर वर्षभर बैलजोडी सांभाळायची तर चाऱ्याचाच हिशेब बसत नाही. मग उरते ते खुरपे, आणि खुरप्यामागे दिवसभर उकिडवी बसलेली घरची बाई.

अशा घरासाठी सायकलीचे कोळपे हा मोठा आधार आहे. ही काही नवलाईची गोष्ट नव्हे. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे शेतकरी गोपाळ मल्हारी भिसे यांनी बैलजोडी परवडेना म्हणून सायकलीच्या चाकामागे कोळपणीचे अवजार जोडले आणि त्याला 'कृषिराजा' असे नाव दिले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांच्या कामाची नोंद घेतली. आज बाजारात तयार कोळपीही मिळतात. तरी मी म्हणेन, ज्याच्या घरामागे एखादी मोडकी सायकल गंजत पडली आहे त्याने ते गावातच बनवून घ्यावे. एक तर पैसे वाचतात. दुसरे म्हणजे ते आपल्या उंचीला आणि आपल्या पाभरीच्या अंतराला बरोबर बसते.

आधी सायकल पाहून घ्या. चालती सायकल कापू नका. मानव विकास कार्यक्रमातून शाळेच्या मुलींना मिळालेल्या सायकली काही घरांत शिक्षण संपल्यावर तशाच पडून दिसतात. त्या चालत असतील तर धाकट्या मुलीला द्या, कोळप्याला लावू नका. आपल्याला लागते ती भंगारात निघालेली. पुढचे चाक, पुढचा चिमटा, हँडल आणि सांगाड्याचे दोन-तीन पाइप एवढे शाबूत असले की काम झाले. पायडल, चेन, सीट आणि मागचे चाक यांचे काम नाही. मागचे चाक मजबूत म्हणून तेच वापरू असे काहींना वाटते, पण त्याचा हब रुंद असतो, पुढच्या चिमट्यात ते बसत नाही. पुढच्या चाकाने भागते.

चाक फिरवून पाहा. डगमगत असेल तर सायकलवाल्याकडून तारा ओढून घ्या, छर्रे बदला, ग्रीस भरा. ट्यूब मात्र काढून टाकावी. बाभळीच्या काट्यांच्या रानात हवेचे चाक दोन दिवस टिकत नाही. टायरमध्ये जुन्या ट्यूबच्या पट्ट्या किंवा काथ्या ठासून भरला की कायमची कटकट मिटते. काही जण टायर काढून नुसती रिंग फिरवतात. हलक्या रानात ती चालते, पण आपल्या काळ्या रानात रिंग कापत आत जाते आणि ढकलणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. टायर असावाच.

आता जोडणी. सायकलीत चिमटा उभा असतो, इथे तो जवळजवळ आडवा करायचा. चाक पुढे, दांडा मागे. चिमट्याच्या टोकाला जो बाक असतो तो वरच्या अंगाला राहील असा धरावा. त्यामुळे मागचा पाइप जमिनीच्या जवळ येतो आणि फासाची जानोळी आखूड लागतात. जानोळे जितके आखूड तितके ते कमी वाकते, हे लोहाराला सांगायला नको. चिमट्याचा दांडा ज्यात घट्ट बसेल असा पाइप निवडून तो आत सरकवावा, आरपार छिद्र पाडून बोल्ट मारावा, मग भोवती वेल्डिंग करावे. सायकलीचा पाइप पातळ असतो. जाड रॉडने झटका दिला की भोक पडते, म्हणून बारीक रॉड आणि कमी करंट. रंग आणि चकाकणारा मुलामा आधी घासून काढला पाहिजे. मुलाम्यावर वेल्डिंग केले तर जोड कच्चा राहतो, आणि निघणारा धूर छातीला वाईट. वेल्डिंगवाला 'चालतंय' म्हणेल. त्याला घासायला लावा.

फास चाकाच्या अगदी पाठोपाठ असावा. टायर आणि फास यांत चार ते सहा बोटे इंच धरून ठेवावेत. फार लांब गेला तर कोळपे सापासारखे वळवळते आणि पिकात शिरते. फार जवळ आला तर गवत अडकून चाक थांबते. फासाला नवे लोखंड घेऊ नका. जुन्या जीपचा किंवा टेम्पोचा कमानपाटा लोहाराकडून ठोकून घ्यावा. त्याला धार राहते. सहा इंची एक आणि नऊ इंची एक असे दोन फास करून ठेवावेत, आणि जानोळ्यांना एकाऐवजी तीन-चार भोके पाडावीत, म्हणजे फास खाली-वर करता येतो. फासाचा कल हीच सगळ्यात नाजूक गोष्ट आहे. पुढची धार किंचित खाली झुकलेली हवी. सपाट राहिला तर कोळपे जमिनीवरून घसरत जाते, जास्त झुकला तर रुतून बसते. शेतात नेऊन दोन तास फिरवून, बोल्ट सैल-घट्ट करून ते जमवावे लागते. घरच्या अंगणात जमत नाही. कोळपणी दीड-दोन बोटे खोल पुरे. तण कोवळे असताना मूळ कापले की झाले. खोल ओढले तर पिकाच्याच मुळ्या तुटतात आणि माणूसही दमतो.

हँडलबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. बहुतेक कोळपी घरच्या पुरुषाच्या उंचीला बेतलेली असतात. मग अवजार नवे असेतो आठ दिवस गडी हौसेने चालवतो, पुढे त्याला दुसरी कामे निघतात, कोळपे गोठ्याला टेकते आणि बाई पुन्हा खुरपे घेऊन बसते. तिला ते चालवता येत नाही असे नाही, हँडल तिच्या छातीला येते म्हणून दंडात बळ राहत नाही. हँडल कमरेच्या जरा वर, बेंबीच्या रेषेत यायला हवे. म्हणून हँडलाच्या पाइपांनाही भोके आणि बोल्ट ठेवावेत. खर्च दोन नटांचा. घरातल्या सासू-सुना दोघींच्या उंचीला लावून पाहूनच वेल्डिंगवाल्याच्या दुकानातून हलावे.

चालवायची रीत बैलाच्या कोळप्यासारखी नाही. एकसारखे रेटत जायचे नाही. एक झटका पुढे, किंचित मागे, पुन्हा झटका, असे पाऊल-पाऊल जायचे. पाठ ताठ, जोर पायांचा. रान कठीण असेल तर चिमट्याला दोर बांधून एकाने ओढावे, एकाने रेटावे. ओल जास्त असेल तर काळी माती चाकाला लडबडते. चिमट्याला पत्र्याची एक पट्टी लावली तर माती आपोआप खरवडली जाते. पण वाफसा नसताना जाऊच नये, हे उत्तम.

आता कामाचा हिशेब. पंचेचाळीस सेंटिमीटर अंतराच्या पिकात एका एकरात ओळींची लांबी जवळजवळ ९ किलोमीटर भरते. तीस सेंटिमीटरवर पेरलेल्या भुईमुगात किंवा हरभऱ्यात तीच साडेतेरा किलोमीटर होते. म्हणजे एवढे अंतर माणसाने रेटत चालायचे आहे. त्यामुळे 'दिवसात दोन एकर' असे कोणी सांगितले तर ऐकून घ्यावे आणि सोडून द्यावे. तण कोवळे असेल, वाफसा चांगला असेल, तर माझ्या पाहण्यात एक माणूस दिवसाला वीस ते तीस गुंठे उरकतो. घरची दोघे आलटून-पालटून लागली तर एकरापर्यंत मजल जाते. तण गुडघ्याला आल्यावर मात्र हे अवजार काही कामाचे नाही, तिथे खुरपेच. आणि ओळीतल्या रोपांमधले तण कोणतेच कोळपे काढत नाही, त्यासाठी एक हलकी खुरपणी करावीच लागते. फरक एवढाच, की खुरपणीला आठ बायांऐवजी दोन-तीन पुरतात.

तणनाशके आहेत की, असे तरुण मंडळी विचारतात. आहेत, आणि सलग सोयाबीनमध्ये ती उपयोगीही पडतात. पण ज्वारीत तूर, बाजरीत मटकी अशी मिश्र पिके असली तर एकाला चालणारे औषध दुसऱ्याला जाळते. तिथे फासाला पर्याय नाही. शिवाय कोळपणी नुसती तणासाठी नसतेच. 'एक कोळपणी, अर्धे पाणी' असे जुनी माणसे म्हणत. रब्बी ज्वारीला म्हणूनच तीन कोळपण्या सांगितल्या आहेत : तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात पासेच्या आणि आठव्यात दातेरी कोळप्याने. जमिनीच्या भेगा बुजतात, ओल आत राहते. पावसाने ताण दिला की ज्याने भेगा बुजवल्या त्याचे पीक आठ-दहा दिवस जास्त तग धरते. हे काम औषधाच्या पंपाने होत नाही. सायकलीच्या कोळप्याला दातेरी फास जोडायला पाच मिनिटे लागतात, तेव्हा तोही एक करून ठेवावा.

कधी थांबायचे तेही ध्यानात असू द्या. सोयाबीन फुलावर आले की कोळपे बंद. भुईमुगाला आऱ्या सुटू लागल्या की रानात फास घालू नये, आऱ्या तुटतात आणि शेंगा तेवढ्या कमी होतात. फार लोक 'अजून एक पाळी' म्हणत इथेच चुकतात.

ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक सुचवावेसे वाटते. बैल नसलेली, भूमिहीन पण वाट्याने शेती करणारी घरे गावात कोणती, हे तुम्हाला ठाऊक असते. बचत गटाने दोन-तीन कोळपी करून पाळीने दिली तरी पुष्कळ साधेल. फक्त पाळीची वही वाफशाच्या आधी लिहा. नाही तर जे बैलांचे होते तेच कोळप्याचेही होईल, सगळ्यांत मोठ्या रानाचा मालक पहिला आणि दीड एकरवाला शेवटचा.

काम संपल्यावर फास काढून माती झटकावी, धारेला जुने इंजिन ऑइल चोळावे आणि फास गोणपाटात गुंडाळून ठेवावा. चाकाच्या हबमध्ये दोन थेंब तेल सोडावे. कोळपे पावसात बांधावर सोडू नये, गोठ्याच्या आढ्याला टांगावे. मृगाच्या आधी एकदा खाली उतरवून नट-बोल्ट पाहून घ्यावेत. पाऊस लागल्यावर लोहाराच्या दारात रांग असते.