वऱ्हाडातील ग्रंथदान

ग्रंथदान म्हणजे स्वतःजवळचा किंवा मुद्दाम उतरवून घेतलेला ग्रंथ, तो वाचू इच्छिणाऱ्या व्यक्तीस अथवा संस्थेस मोबदला न घेता देणे होय. वऱ्हाडात, म्हणजे अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा आणि यवतमाळ या जिल्ह्यांच्या प्रदेशात, या प्रथेचे दोन जुने प्रवाह आढळतात. एक अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरशी निगडित असलेल्या महानुभाव पंथाचा आणि दुसरा कारंजा (लाड) येथील दिगंबर जैन समाजाचा. कारंजा हे गाव १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. त्यानंतर ते नव्या वाशीम जिल्ह्यात गेले. दोन्ही परंपरांत ग्रंथ पूज्य मानला गेला. त्यामुळेच तो कोणाला द्यावा आणि कोणापासून राखावा, हा प्रश्न दोन्हीकडे सारख्याच तीव्रतेने उभा राहिला.

महानुभाव पोथ्या

मराठीतील आद्य गद्यचरित्र मानला जाणारा लीळाचरित्र हा ग्रंथ म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिद्धपूर येथे सिद्ध केला. चक्रधरस्वामींच्या सहवासात आलेल्या माणसांना गाठून, त्यांच्या आठवणी ऐकून आणि नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेऊन त्यांनी हे लेखन केले. चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ग्रंथाची मूळ पोथी नाहीशी झाली, असे पंथीय परंपरा सांगते. ज्यांनी ती वाचली वा ऐकली होती, त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करण्यात आली. म्हणूनच लीळाचरित्राचे एकाहून अधिक पाठ उपलब्ध आहेत.

यानंतर पंथात पोथी उतरवून घेणे आणि ती गुरूकडून शिष्याकडे, मठातून मठाकडे देणे यास मोठे महत्त्व आले. मात्र ही देवाणघेवाण पंथीयांपुरतीच होती. चौदाव्या शतकापासून पोथ्या ‘सकळ’, ‘सुंदरी’ अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या जाऊ लागल्या. या लिप्यांत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर वा चिन्ह वापरले जाते. किल्ली ठाऊक असल्याशिवाय मजकूर लागत नाही. त्यामागे परधर्मीयांपासून रक्षण हा हेतू होता की ग्रंथाच्या पावित्र्याची जपणूक, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. परिणाम मात्र स्पष्ट आहे. पंथाच्या आत पोथ्या हातोहात फिरत राहिल्या आणि पंथाबाहेरील मराठी वाचकाला या वाङ्मयाचा सहाशे वर्षांच्या आसपास जवळजवळ पत्ताच नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदी संशोधकांच्या प्रयत्नांनी या लिप्यांचा उलगडा झाला. पुढे ह. ना. नेने यांनी आणि १९७८ साली वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्राच्या मुद्रित आवृत्त्या सिद्ध केल्या. मठांतील पोथ्या अभ्यासासाठी पंथीयांनीच उपलब्ध करून दिल्या नसत्या, तर हे काम शक्य नव्हते.

जैन परंपरेतील शास्त्रदान

जैन आचारात दानाचे आहार, औषध, शास्त्र आणि अभय असे चार प्रकार सांगितले आहेत. पैकी शास्त्रदानाची रीत ठरलेली असे. गृहस्थ एखाद्या लेखकाला मेहनताना देऊन ग्रंथाची प्रत करवून घेई आणि ती मुनी, आर्यिका, भट्टारक किंवा मंदिराच्या ग्रंथभांडाराला अर्पण करी. व्रताचे उद्यापन हा त्यासाठी नेहमीचा प्रसंग असे. अशा प्रतीच्या शेवटी येणाऱ्या प्रशस्तीत दात्याचे नाव, कुळ, गाव, तिथी आणि ग्रंथ स्वीकारणाऱ्याचे नाव नोंदवले जाई. आजच्या संशोधकाला या प्रशस्त्या मूळ ग्रंथाइतक्याच उपयोगी पडतात, कारण राजवंशांच्या इतिहासात न येणारी माणसे, विशेषतः स्त्रिया, त्यांत नावानिशी भेटतात. दहाव्या शतकात कर्नाटकातील अत्तिमब्बे या श्राविकेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती करवून वाटल्याची ख्याती आहे.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला श्रुतपंचमी म्हणतात. षट्खंडागम हा आगमग्रंथ पूर्ण होऊन त्याची पूजा झाली, तो हा दिवस, अशी श्रद्धा आहे. या दिवशी भांडारातील पोथ्या बाहेर काढून झाडल्या-पुसल्या जातात आणि त्यांची वेष्टने बदलली जातात. धार्मिक विधीच्या रूपाने वाळवीचा बंदोबस्त आपोआप होई, हेही येथे नोंदवण्याजोगे आहे.

कारंजा येथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन परंपरांची मंदिरे असून भट्टारकांच्या पीठांमुळे तेथे पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथ जमत गेले. संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश, मराठी आणि गुजराती ग्रंथांच्या या संग्रहाची माहिती विद्वानांना झाली ती रायबहादूर हिरालाल यांनी तयार केलेल्या आणि १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील हस्तलिखितांच्या सूचीमुळे. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे डॉ. हिरालाल जैन हे या सूचीकारांहून वेगळे. नामसाम्यामुळे दोघांची गल्लत होते. डॉ. जैन यांनी कारंजाच्या पोथ्यांचा अभ्यास केला आणि तेथील अंबादास चवरे ग्रंथमालेतून अपभ्रंश ग्रंथ छापून येऊ लागले. पुष्पदंताचे जसहरचरिउ हे प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले काव्य १९३१ साली, तर डॉ. जैन यांनी संपादित केलेली णायकुमारचरिउ आणि करकंडचरिउ ही काव्ये अनुक्रमे १९३३ व १९३४ साली प्रसिद्ध झाली. भांडारातील एकेका प्रतीच्या जागी आता शेकडो प्रती झाल्या.

षट्खंडागमाची प्रत वऱ्हाडात कशी आली

षट्खंडागम आणि त्यावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका यांच्या ताडपत्री प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे होत्या. बाहेर त्या कोठेही उपलब्ध नव्हत्या. भाविकांना त्यांचे केवळ दर्शन मिळे. या प्रतींपैकी एक देमियक्क नावाच्या स्त्रीने श्रुतपंचमी व्रताच्या उद्यापनानिमित्त शुभचंद्र या आचार्यांना दिली होती, असे तिच्या प्रशस्तीवरून कळते. वाचण्यासाठी दान केलेला ग्रंथ कालांतराने केवळ पूजेचा होऊन बसला होता.

सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद यांच्या पुढाकाराने १८९६ च्या सुमारास मूडबिद्रीत नव्या प्रती करण्याचे काम सुरू झाले. परंपरागत मोजणीनुसार धवला ७२ हजार श्लोकांएवढी आहे. बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरला तर एकट्या धवलेच्या एका प्रतीसाठी सुमारे २३ लाख अक्षरे हाताने लिहावी लागतात. काम अनेक वर्षे चालले, पण नव्या प्रतीही मूडबिद्रीबाहेर जाऊ द्यायच्या नाहीत, असा तेथील निर्बंध होता. लेखनकार्यावर असलेले मिरजेचे गजपती उपाध्याय यांनी तो मोडला. पत्नी लक्ष्मीबाई यांच्या मदतीने त्यांनी गुप्तपणे एक कन्नड प्रत तयार केली. ती उत्तर भारतात सहारनपूरला पोहोचली आणि तेथील लाला जंबूप्रसाद यांनी ती आपल्या मंदिरात ठेवून घेतली. तेथे तिचे नागरी लिप्यंतर करण्यासाठी नेमलेले पंडित सीताराम शास्त्री यांनी आपल्यापुरती आणखी एक प्रत राखली. तिच्यावरून ठिकठिकाणच्या मंदिरांसाठी आणि भांडारांसाठी नकला झाल्या. त्यांत अमरावती, कारंजा आणि बिहारमधील आरा येथील प्रती होत्या.

गजपती उपाध्याय यांच्या कृतीला विश्वासभंग म्हणावे की शास्त्रदान, याचे उत्तर दोन्ही बाजूंनी देता येते. मात्र डॉ. जैन यांनी संपादनासाठी हाताशी घेतलेल्या अमरावती, कारंजा आणि आरा या तिन्ही प्रती त्या एका नकलेच्याच वंशातल्या होत्या. विदिशा (भेलसा) येथील शेठ लक्ष्मीचंद सिताबराय यांच्या देणगीतून मुद्रणाचा खर्च भागवण्यात आला आणि १९३९ साली धवलेसह षट्खंडागमाचा पहिला खंड हिंदी अनुवादासह अमरावतीहून प्रकाशित झाला. डॉ. आ. ने. उपाध्ये, पं. फूलचंद्र शास्त्री, पं. हिरालाल शास्त्री आदींनी संपादनास साहाय्य केले. पुढील सुमारे वीस वर्षांत १६ खंड पूर्ण झाले. पहिले खंड हाती आल्यावर मूडबिद्रीच्या व्यवस्थापकांची भूमिकाही बदलली आणि पुढील खंडांसाठी ताडपत्रांशी पाठ ताडून पाहण्याची सोय झाली.

‘संजद’ शब्दाचा वाद

नकलेवरून नकल होताना काय गळू शकते, याचे उदाहरण पहिल्याच खंडात मिळाले. सत्प्ररूपणेतील ९३ व्या सूत्रात, मनुष्यस्त्रियांच्या आध्यात्मिक पायऱ्यांच्या संदर्भात, ‘संजद’ (संयत, म्हणजे पूर्ण संयम पाळणारा) हा शब्द असायला हवा, असे संपादकांना टीकेच्या विवेचनावरून वाटले. हाती असलेल्या प्रतींत तो नव्हता. म्हणून त्यांनी मूळ पाठाला हात न लावता तळटीपेत तशी सूचना केली. स्त्रीदेहाने मोक्ष मिळत नाही, अशी दिगंबर परंपरेची धारणा असल्याने या एका शब्दावरून मोठे वादंग माजले. शब्द घेतल्यास सिद्धांताला बाध येतो, असे एका पक्षाचे म्हणणे होते. सूत्रातील स्त्रीत्व देहाचे नसून भावाचे आहे, तेव्हा बाध येत नाही, असे दुसरा पक्ष मांडत होता. अखेरीस मूडबिद्रीच्या ताडपत्रावर हा शब्द आढळला. नंतरच्या आवृत्त्यांत तो सूत्रात घेण्यात आला.