‘फक्त’ : एका लहान शब्दाची हकीकत



गुळाची पट्टी हातात पडली, की शेतकरी आकडा पाहतो आणि कागद खिशात घालतो. अक्षरी रकमेच्या शेवटी ‘फक्त’ असा एक शब्द असतो, तो सहसा कोणी वाचत नाही. आता समजा, एखाद्या पावतीवर ‘रुपये पन्नास’ एवढेच लिहिले आणि पुढची जागा कोरी ठेवली. तिथे ‘हजार’ हा शब्द आणि आकड्यापुढे तीन शून्ये घालायला कितीसा वेळ लागणार? ‘पन्नास फक्त’ लिहिले, की ती वाट बंद झाली.

वाट बंद करण्याचे हे काम या शब्दाकडे मुळापासूनच आहे. शब्द अरबी. ‘फ’ म्हणजे ‘मग’ आणि ‘कत्’ म्हणजे ‘पुरे’. दोन्ही मिळून ‘एवढे झाले, आता पुरे.’ अरबीतून तो फारसीत गेला. बहामनी आणि आदिलशाही अमलात दफ्तरात फारसीचे वजन मोठे, त्यामुळे तो मराठीत आला.

पुढे शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि कारभारातल्या अनेक फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. हुद्द्याचे नाव हुकुमाने बदलता येते. पण ‘फक्त’सारखे क्रियाविशेषण वाक्याच्या सांध्यात बसलेले असते, ते सहजी निघत नाही.

हे इतर भाषांतही घडते. हिब्रूने अरामी भाषेतून ‘दावका’ हा शब्द घेतला. त्याचा मूळ अर्थ ‘नेमके’. आज बोलताना त्यात ‘मुद्दाम’, ‘नको तेव्हाच’ अशीही छटा येते. आपण नाही का म्हणत, ‘मळणी काढली आणि नेमका आजच पाऊस आला’?

आपल्या ‘मात्र’चेही असेच झाले. संस्कृतात त्याचा अर्थ ‘केवळ’. पावतीवर तो अर्थ अजून टिकून आहे. पण ‘सगळे आले, तो मात्र आला नाही’ या वाक्यात तो ‘परंतु’च्या जवळ गेला आहे.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी एक प्रयोग वर्गात जरूर करावा. फळ्यावर दोन वाक्ये लिहावीत : ‘फक्त आईने भाकरी खाल्ली.’ ‘आईने फक्त भाकरी खाल्ली.’ पहिल्या वाक्यात बाकीचे उपाशी राहिले; दुसऱ्यात आईच्या ताटात कालवण नव्हते. शब्द तेच, जागा बदलली आणि घरची परिस्थिती बदलली. मुलांना व्याख्या पाठ करायला लावण्यापेक्षा हे अधिक लक्षात राहील.

आणि एखादा मुलगा ‘फकस्त’ म्हणाला, तर त्याला हसू नये. अरबस्तानातून इथवर येताना जो शब्द इतका बदलला, तो आपल्या शिवारात आणखी थोडा बदलला, इतकेच. लिहिताना ‘फक्त’ लिहावे, हे त्याला प्रेमाने सांगावे.

मात्र पावतीवर सही करण्यापूर्वी हा शब्द तिथे आहे ना, हे प्रत्येकाने पाहावे. नसेल तर आधी लिहून घ्यावा, मग सही करावी.