मोटारीच्या एंजिनावरील झडपांचें झांकण

विहिरीवरील डिझेल एंजिन, ट्रॅक्टर व घरची मोटार हीं आतां बागाइतदारांच्या नित्य परिचयाचीं झालीं आहेत. तथापि एंजिनाच्या माथ्यावर जें पत्र्याचें, अॅल्युमिनियमचें अथवा अलीकडे प्लॅस्टिकचें झांकण असतें, व ज्यास मेस्त्री लोक ‘टॅपेट कव्हर’ म्हणतात, त्याकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. त्याच्या कडेनें तेल पाझरूं लागलें कीं पाना घेऊन बोल्ट आवळावे, एवढाच उपाय सामान्यतः केला जातो. हा उपाय बहुधा अपायच ठरतो. तो कां, हें येथें सांगावयाचें आहे.

या झांकणाखालीं हवा आंत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात. एंजिन मिनिटास २,००० फेरे घेत असतां प्रत्येक झडप १,००० वेळां उघडते. एवढ्या हालचालीस वंगण अखंड मिळालें पाहिजे. म्हणून पंप तेथपर्यंत तेल चढवितो. तें तेल आंत राखणें व शेतांतील धूळ बाहेर ठेवणें, हीं झांकणाचीं दोन कामें उघड आहेत. तिसरें सहसा ध्यानांत येत नाहीं. दट्ट्याच्या कड्यांजवळून जळलेल्या वायूचा थोडा अंश खालीं उतरतच असतो. त्यास बाहेर पडण्याची वाट पुष्कळ एंजिनांत या झांकणांतूनच ठेविलेली असते. पूर्वीं हा वायु उघड्यावर सोडीत. १९६० च्या दशकाच्या प्रारंभापासून, प्रथम अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, तो परत एंजिनांत ओढून जाळण्याची योजना मोटारींस लागू झाली. ही श्वासनळी काजळीनें तुंबली म्हणजे आंतील दाब वाढतो व पॅकिंगच्या फटींतून तेल बाहेर ढकललें जातें. अशा वेळीं नवें पॅकिंग घातलें तरी तेंहि पाझरेल. यास्तव प्रथम नळी काढून साफ करावी.

नळी मोकळी असून तेल येत असेल, तर पॅकिंग उष्णतेनें कडक झालें असें समजावें. त्यावर बोल्ट आवळल्यास पत्रा वांकतो, प्लॅस्टिक तडकतें, आणि पाझर वाढतो. तें तेल धुराच्या तापलेल्या नळीवर पडून आग लागण्याचें भय असतें; पेट्रोलच्या कांहीं एंजिनांत तें प्लगच्या खळग्यांत सांचून ठिणगी चुकविते; आणि पातळी फार खालावल्यास बेअरिंगें जळतात.

पॅकिंग बदलतांना एंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें व झांकणाभोंवतालची धूळ आधीं पुसावी. जुनें पॅकिंग खरवडतांना कण आंत पडूं नयेत म्हणून स्वच्छ फडकें अंथरावें, व बंद करण्यापूर्वीं तें आठवणीनें काढावें. दोन्ही कडा कोरड्या कराव्या. रबरी पॅकिंग कोरडेंच बसवावें; चिकटविण्याचा मसाला पुस्तिकेंत सांगितलेल्या कोपऱ्यांतच लावावा. बोल्ट मध्यापासून कडेकडे, आळीपाळीनें, दोनतीन फेऱ्यांत आवळावे. पुष्कळ लहान मोटारींत हें माप सुमारें १० न्यूटन-मीटर असतें. म्हणजे लहान पान्यावर मनगटाचाच जोर पुरे.

आठवड्यांतून एकदां तेलाची दांडी पाहतांना थंड एंजिनाच्या झांकणाच्या कडेवरूनहि बोट फिरवावें. बोटास ओल लागली, तर हात पान्याकडे न नेतां प्रथम श्वासनळीकडे न्यावा. एवढी संवय ठेविल्यास ऐन हंगामांत एंजिन बंद पडण्याचें एक मोठें कारण टळेल.