ओळख माल्टची (भाग ४) : पहिली बाटली

ठाण्यातल्या किंवा कल्याण-डोंबिवलीतल्या कुठल्याही वाइन शॉपमध्ये जाऊन परवडणारी स्कॉच मागा. काउंटरवरचा पोरगा जाळीपलीकडून पटापट बाटल्या पुढे सरकवतो : ब्लॅक डॉग, टीचर्स, व्हॅट ६९. आता परवडणारी सिंगल माल्ट मागा. तो वरच्या फळीकडे एकदा बघतो, मग तुमच्याकडे, आणि म्हणतो, “साहेब, त्यात स्वस्त काही येत नाही.” पोरगा खरं बोलतो.

ब्लेंडेड स्कॉच मोठ्या टाक्यांमधून भारतात आणून इथल्या कारखान्यात बाटल्यांत भरायला परवानगी आहे, आणि वर सांगितलेल्या बाटल्या तशाच भरलेल्या असतात. सिंगल माल्टला ही सवलत नाही. स्कॉच व्हिस्कीचे २००९ सालचे ब्रिटिश नियम तिच्या बाबतीत कडक आहेत. एकाच डिस्टिलरीत, फक्त माल्ट केलेल्या बार्लीपासून, पॉट स्टिल या हंड्यासारख्या भट्टीत काढलेली आणि ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं मुरलेली असेल तरच तिला सिंगल माल्ट स्कॉच म्हणायचं. शिवाय नोव्हेंबर २०१२ पासून ती स्कॉटलंडमध्येच बाटलीबंद झाली पाहिजे. म्हणजे काच, बूच, खोका, जहाजाचं भाडं, सगळं तिथूनच लागून येतं आणि त्या सगळ्यावर इथे कर बसतो.

२०२५ पर्यंत वर्षानुवर्षं आयात शुल्क १५० टक्के होतं. बंदरात शंभर रुपयांची असलेली बाटली बंदराबाहेर पडताना अडीचशेची व्हायची. मग राज्याचं उत्पादन शुल्क, मग विक्रीकर, मग आयातदाराचा आणि दुकानदाराचा नफा. आपल्या राज्याने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात केलेल्या स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं, तेव्हा किमती खरंच उतरल्या. त्यामागे दारूप्रेम वगैरे नव्हतं. परराज्यांतून चोरून येणारा आणि बनावट माल थांबावा, हा हिशेब होता. २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या. त्यात आयात शुल्क आधी ७५ टक्के आणि दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्के करायचं ठरलं आहे. ‘आता स्कॉच निम्म्या किमतीत’ असे निरोप तेव्हा फिरले, त्यांच्यावर विसंबू नका. शुल्क निम्म्यावर आलं म्हणून बाटली निम्म्यावर येत नाही, कारण छापील किमतीत बाकीचे वाटेकरी पुष्कळ आहेत.

तेव्हा ‘परवडणारी’ या शब्दाचा अर्थ आपण बदलून घेऊ. आवडली नाही म्हणून कपाटात पडून राहिलेली बाटली सगळ्यात महाग. घोडबंदर रोडवरच्या किंवा कल्याणातल्या एखाद्या बऱ्या परमिट रूममध्ये बसा आणि ३० मिलीचा एक स्मॉल मागवा, सोड्याशिवाय. दोघं-तिघं असाल तर प्रत्येकाने वेगळी मागवा आणि एकमेकांची चाखा. बारवाला पेगमागे चांगलाच नफा लावतो, तरी एका बाटलीच्या पैशांत चार-पाच माल्टची ओळख होते. ५० मिलीच्या मिनिएचर बाटल्या मिळाल्या तर त्याहून उत्तम.

कुठून सुरुवात करायची? स्पे नदीच्या खोऱ्यातून. जॉर्ज स्मिथने १८२४ साली रीतसर परवाना काढून सुरू केलेली ग्लेनलिवेट, आणि १८८७ च्या नाताळात जिची पहिली धार निघाली ती ग्लेनफिडिक, या दोघींची बारा वर्षांची बाटली आपल्याकडे सहज मिळते. जाणकार त्यांना नाकं मुरडतात. मुरडू देत. पेर-सफरचंदाचा वास, मधासारखा गोडवा, घशाला त्रास नाही. नवख्याला यापेक्षा काय हवं? सिंगलटनही याच चवीची, फक्त लेबलवरची बारीक अक्षरं वाचा, कारण या एका नावाखाली ग्लेनडलन, डफटाउन आणि ग्लेन ऑर्ड अशा तीन डिस्टिलऱ्यांचा माल विकला जातो. उत्तरेकडच्या हायलँडमधली ग्लेनमोरांजी थोडी नाजूक. तिथल्या भट्ट्यांची मान पाच मीटरहून उंच, त्यामुळे जड वाफ वर पोचण्याआधीच खाली परतते आणि हलकी तेवढी पुढे जाते. माझं मत विचाराल तर पहिल्या बाटलीसाठी या चारांत तीच.

आयला बेटावरची लाफ्रॉइग मात्र बाटलीने घेऊ नका, आधी पेगच घ्या. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, धुरावर वाळवलेल्या बार्लीमुळे तिला दवाखान्यात ड्रेसिंगच्या वेळी येतो तसा वास येतो. काहींना तो पहिल्याच घोटात वेड लावतो, बाकीचे ग्लास शेजाऱ्याकडे सरकवतात. मधला मार्ग म्हणजे स्काय बेटावरची टॅलिस्कर, धूर बेताचा आणि शेवटी मिरपुडीचा चटका. तिच्यात मद्यार्क ४५.८ टक्के असतो, म्हणून पाणी घाला. पाणी घालणं कमीपणाचं नाही. चमचाभर साधं पाणी घातलं की दडलेले वास वर येतात. बर्फाने ते झाकले जातात, पण मे महिन्यात डोंबिवलीत बर्फ टाकणाऱ्याला नावं ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. चकलीचे तुकडे आणि मसाला शेंगदाणे तेवढे नंतर आणा. तिखटाने जीभ पोळली की बारा वर्षं काय आणि तीन वर्षं काय.

वर्षांचंही फार मनावर घेऊ नका. लेबलवरचा आकडा बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं वय सांगतो, चव सांगत नाही. स्कॉटलंडच्या गारव्यात पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के उडून जाते, आपल्याकडच्या उकाड्यात दहा-बारा टक्के. म्हणून इथली माल्ट चार-पाच वर्षांतच पिकते. बंगळुरूच्या जगदाळे कुटुंबाने ‘अमृत’ २००४ साली थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली, तेव्हा तिकडच्यांच्या भुवया उंचावल्या होत्या. पुढे २०१० च्या ‘व्हिस्की बायबल’ या आपल्या पुस्तकात समीक्षक जिम मरेने ‘अमृत फ्यूजन’ला जगात तिसरी जागा दिली. गोव्याची पॉल जॉन, हरियाणाची इंद्री आणि आपल्या नाशिकजवळच्या दिंडोरीची लाँजिट्यूड ७७ याही चाखून बघाव्यात. या स्कॉच नव्हेत, पण बजेट आखडतं असेल तर त्यांना आधी भेटावं, असं मी बिनदिक्कत सांगेन.

पॉल जॉन गोव्यात स्वस्त मिळते म्हणून गाडीत टाकून आणू नका. तिकडच्या विक्रीची बाटली परवान्याशिवाय इकडे आणणं गुन्हा आहे आणि सीमेवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर डिकी उघडायला लावतात. दुबईहून किंवा अमेरिकेहून येणारा भाचा विमानतळावरून दोन लिटरपर्यंत शुल्काशिवाय आणू शकतो. बहुतेक घरांत पहिली सिंगल माल्ट तशीच शिरते. दुकानातून घेताना ‘महाराष्ट्रात विक्रीसाठी’ हा शिक्का, बुचावरचं उत्पादन शुल्क खात्याचं लेबल आणि आयातदाराचं नाव बघा. बाटली ७०० मिलीची की ७५० ची, तेही बघा, नाहीतर दोन दुकानांचे भाव जुळवताना फसगत होते. आणि हो, आपल्या राज्यात व्हिस्कीसाठी वयाची पंचविशी पूर्ण लागते, खिशात परमिटही लागतं : एका दिवसाचं पाच रुपयांत, वर्षाचं शंभरात, आयुष्यभराचं हजारात. हजार भरून विषय संपवलेला बरा.

बाटली उघडल्यावर उभीच ठेवा, आडवी नको, कारण मद्यार्काने बूच झिजतं. उन्हाच्या खिडकीपासून लांब, कपाटात ठेवा. निम्म्याखाली आली की आतल्या हवेने चव उतरायला लागते, मग पाहुण्यांची वाट बघू नका. आणि रिकामी झालेली बाटली खोक्यासकट भंगारवाल्याला देऊ नका. चांगल्या माल्टच्या रिकाम्या बाटलीला भाव मिळतो, तो काचेचा नसतो. तिच्यात हलका माल भरून ती पुन्हा विकणारे लोक आहेत. लेबल खरवडा, बूच वेगळं फेका, मगच द्या.

(पुढच्या आठवड्यात : पिंपं. बर्बनचं, शेरीचं आणि त्यांच्यामुळे बदलणारा रंग.)