गाळाचा जमाखर्च

गेल्या कोजागिरीला मसाला दूध पिता पिता शेजारच्या लुइझियाना राज्याचा विषय निघाला. वादळांच्या बातम्या आम्हां ह्यूस्टनकरांना नव्या नाहीत. कोणीतरी म्हणाले, "दर दोन-चार वर्षांनी घरात पाणी शिरते, तरी ही माणसे तिथून उठत का नाहीत? आपण नाही का सातासमुद्रापलीकडे आलो?" सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. पुढे एका लाँग वीकेंडला गाडी काढली आणि टेरेबोन पॅरिशमधले आइल डी जाँ शार्ल हे बेट पाहून आलो. टेरेबोन या फ्रेंच नावाचा अर्थ 'चांगली जमीन'! ती आज पाण्याखाली चालली आहे.

या बेटावर प्रामुख्याने चॉक्टॉ आणि इतर मूळ अमेरिकन जमातींचे वंशज राहत. १८३० च्या कायद्याने मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हाकलणे सुरू झाले, त्या काळात त्यांच्या पूर्वजांनी या दलदलीत आसरा घेतला. कोणाला नको असलेली जागा, म्हणून ती त्यांना मिळाली. १९५५ पासून आजवर बेटाची सुमारे ९८ टक्के जमीन गेली आहे. बावीस हजार एकरांतले जेमतेम तीनशेवीस एकर उरले. १९५३ साली बांधलेला बेटाचा एकुलता एक रस्ता आज दोन्ही बाजूंच्या पाण्यातून जातो आणि वाऱ्याने पाणी चढले की बुडतो.

हे का झाले? शाळेत आपण 'त्रिभुज प्रदेश' ही व्याख्या पाठ केली होती. त्या व्याख्येत एक गोष्ट नव्हती. त्रिभुज प्रदेशातली जमीन ही खडकासारखी कायमची वस्तू नसून ते बँकेतले चालू खाते असते. नदी पुराबरोबर गाळ आणते, ती जमा. ओला गाळ स्वतःच्या वजनाने दबत जातो, लाटा किनारा खातात, समुद्र चढतो, हा खर्च. हजारो वर्षे मिसिसिपीची जमा खर्चाहून मोठी होती, म्हणून दक्षिण लुइझियाना तयार झाला.

विसाव्या शतकात आपण जमेची बाजू बंद केली. १९२७ च्या महापुरानंतर १९२८ साली पूरनियंत्रणाचा कायदा झाला आणि नदीला दोन्ही तीरांवर भक्कम बांध घातले गेले. शहरे वाचली, पण पुराबरोबर पसरणारा गाळ थेट खोल समुद्रात जाऊ लागला. वर मिसुरी नदीवर धरणे झाली, तिथे गाळ अडला. खालपर्यंत पोहोचणारा गाळ सुमारे निम्म्यावर आला.

त्याच वेळी खर्च वाढला. तेल आणि वायूच्या विहिरींपर्यंत बोटी नेण्यासाठी, पाइपलाइन टाकण्यासाठी दलदलीतून हजारो मैलांचे कालवे खोदले गेले. त्यांतून खारे पाणी आत शिरले, गोड्या पाण्यातली झाडे-गवत मेले, आणि मुळांनी धरून ठेवलेली माती सुटली. त्यात आता तापणाऱ्या हवामानाची भर. जगात समुद्राची पातळी १९९३ पासून सरासरी साडेतीन मिलिमीटरच्या आसपास दरवर्षी चढते आहे. जवळच्या ग्रँड आइलच्या भरतीमापकावर मात्र हा वेग सुमारे नऊ मिलिमीटर दिसतो, कारण तिथे समुद्र चढतो आणि जमीनही खचते. १९३२ ते २०१६ या काळात लुइझियानाने जवळजवळ १,९०० चौरस मैल किनारी जमीन गमावली.

खाते पुन्हा भरता येते का? येते. पूर ओसरावा म्हणून १९४०च्या दशकात वॅक्स लेक येथे एक पाट खोदला गेला. त्याच्या तोंडाशी गाळ साचत राहिला, आणि १९७३ च्या पुरानंतर तिथे कोणी न आखलेला नवा त्रिभुज प्रदेश पाण्याबाहेर डोकावू लागला. हेच मुद्दाम करण्यासाठी मिड-बाराटारिया नावाचा सुमारे तीन अब्ज डॉलरचा प्रकल्प २०२३ साली सुरू झाला. पण खर्च वाढला, आणि गोड्या पाण्याने कालवे-कोळंबी मरतील म्हणून मच्छीमारांनी विरोध केला. २०२५ साली राज्याने तो रद्द केला.

बेटाला बांध का घातला नाही, हे मात्र माझ्यासारख्या इंजिनिअरने नीट ऐकावे असे आहे. या भागासाठी मोठा तटबंध आखला गेला, तेव्हा लाभ-खर्चाच्या गणितात हे बेट बाहेर राहिले. लाभ म्हणजे वाचलेल्या मालमत्तेची किंमत. गरिबाचे घर स्वस्त, म्हणून ते वाचवण्याचा लाभ कमी! गणितात चूक नव्हती. त्यात काय धरले नाही, हा खरा प्रश्न होता.

अखेर २०१६ साली केंद्र सरकारने स्थलांतरासाठी ४ कोटी ८३ लाख डॉलर दिले. चाळीस मैल उत्तरेला, श्रीव्हरजवळ उसाच्या शेतजमिनीवर 'न्यू आइल' ही वसाहत उभी राहिली. मध्यंतरी २०२१ च्या आयडा वादळाने बेटावरची घरे मोडली. पहिली कुटुंबे ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या घरांत गेली. घरे उंचावर आहेत, हे मोठेच काम झाले. पण जमातीच्या नेत्यांची मूळ कल्पना वेगळी होती. आधीच पांगलेल्या कुटुंबांनाही परत एकत्र आणायचे आणि वसाहतीचा कारभार जमातीने पाहायचा, असे त्यांना हवे होते. योजना राज्याच्या हाती गेली तसे हे मागे पडले, म्हणून २०२३ च्या अखेरीस जमातीने केंद्राकडे नागरी हक्कांची तक्रार नोंदवली.

रस्त्याच्या कडेला गळ टाकून बसलेले एक वृद्ध गृहस्थ भेटले. आता नव्या वसाहतीत राहतात, मासे धरायला इथे येतात. मी भारतातला, हे ऐकून त्यांनी विचारले, "तुमचे गाव अजून आहे का?"

मी चटकन 'आहे' म्हणालो. मग आजीची आठवण झाली. माझ्या आईचे आजोळ कोयनेच्या शिवसागरात बुडाले. १९६०च्या दशकात ती गावे उठली आणि सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी विखुरली. आजीला जमीन मिळाली, घरही मिळाले. पण सुईण एका जिल्ह्यात, सोयरे दुसऱ्यात, आणि ग्रामदेवतेची यात्रा कुठे भरवायची हे कोणालाच ठरवता येईना. पुनर्वसनाचे हक्क मागत कोयनेचे धरणग्रस्त अर्धशतकानंतरही रस्त्यावर येत होते. ज्या विजेच्या दिव्याखाली मी अभ्यास केला, ती त्याच धरणाची. आणि आज माझा पगार तेल कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहून येतो. दोन्हीकडच्या खात्यांत माझी बाजू फायद्याची आहे.

म्हणून कोजागिरीच्या त्या प्रश्नाला माझे उत्तर असे. आपण आलो ते आपल्या मर्जीने, आपण निवडलेल्या वेळी, आणि मागे गाव ठेवून. सुट्टीत तिकीट काढले की गाव असते. त्यांचे उठणे आपल्या येण्यासारखे नाही. ते माझ्या आजीच्या उठण्यासारखे आहे. पुढच्या काळात अशी अनेक गावे हलवावी लागतील, आणि कित्येकदा तेच शहाणपणाचे असेल. पण गाव हलवायचे तर वादळाच्या आधी हलवावे, सगळ्यांना मिळून हलवावे, आणि कुठे व कसे जायचे हे जाणाऱ्यांना ठरवू द्यावे. नुसते घर दिले म्हणजे गाव दिले असे होत नाही.

निघताना मी त्या गृहस्थांना म्हणालो, "अर्धे आहे, अर्धे पाण्याखाली." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा गळ टाकला.