घरच्या जमाखर्चाची तेरीज

माझे वडील रोज रात्री जेवण झाल्यावर हिशेबाची वही काढून बसत. दूध, भाजी, पोस्टाची पाकिटे, न्हाव्याचे पैसे, सारे काही तारीखवार लिहिले जाई. आठ आण्यांचा मेळ बसला नाही, तर आम्हा भावंडांची रीतसर साक्ष निघे. एवढी दक्षता असूनही मार्च महिन्यात आईने, "वर्षभरात किराण्याला किती लागले हो?" असे विचारले, की वडील वहीची पाने चाळीत आणि अखेरीस अंदाजाने एक आकडा सांगत. असे का व्हावे, याचा उलगडा मला फार उशिरा झाला. आजच्या भाषणात तोच आपणांपुढे मांडावा असा विचार आहे.

मराठी मुलखात हिशेबाची परिभाषा जुनी आहे. कीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द पेशवाईच्या दप्तरात चांगले रुळलेले होते. फडणीस हे तर हिशेब पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे पद. पुढे ते आडनाव झाले. कीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने लिहावयाचे, खतावणीत तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवावयाचे, आणि तेरजेत सर्व खात्यांचा गोषवारा काढावयाचा. माझे वडील जन्मभर कीर्द लिहीत राहिले. खतावणी त्यांनी क्वचितच घातली आणि तेरीज कधीच काढली नाही. दिवसभर कचेरीत राबून आलेल्या माणसाला तेवढी उसंत कोठून मिळणार?

संगणकावरील जमाखर्चाचे सॉफ्टवेअर नेमके हे राहून गेलेले काम करते. नोंद आपण एकदा करावयाची. खतावणी आपोआप पडते आणि तेरीज हवी तेव्हा, हव्या त्या मुदतीची निघते. अशी अनेक सॉफ्टवेअरे आज मिळतात. मी वापरतो ते 'ग्नूकॅश' विनामूल्य असून त्याची पहिली स्थिर आवृत्ती 1998 साली निघाली. इटलीतील लुका पाचोली याने 1494 साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात ज्या दुहेरी नोंदीचे वर्णन केले, तीच पद्धत त्यात आहे. प्रत्येक रकमेला दोन टोके असतात: ती कोठून तरी निघते आणि कोठे तरी पोहोचते. खाती मुख्यतः पाच प्रकारची: मालमत्ता, देणी, उत्पन्न, खर्च आणि भांडवल.

या मार्गाकडे मी वळलो तो हौसेने नव्हे. 2021 साली माझी बदली दिल्लीस झाली. पगार बेताचा नव्हता. तरीही महिनाअखेर शिल्लक उरेना. आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया करावयाची होती आणि ती 'पुढच्या महिन्यात' म्हणून लांबत चालली होती. घरात कुरबुर सुरू झाली. स्वयंपाकघराचा खर्च हाताबाहेर गेला आहे, असे माझे ठाम मत. हे शहरच महाग आहे, असे पत्नीचे म्हणणे. आकडा मात्र दोघांपाशीही नव्हता.

अखेर एका सुटीत बँकेच्या बारा महिन्यांच्या नोंदी मी ग्नूकॅशमध्ये भरल्या आणि उत्पन्न-खर्चाचे पत्रक काढले. किराणा, दूध, भाजी यांचा आकडा महिन्यामागून महिना जवळजवळ स्थिर होता. फुगवटा तीन ठिकाणी निघाला. शाळेची फी, विम्याचे हप्ते, वाहनाचा विमा हे वर्षातून एकदा येणारे खर्च एप्रिल ते जून या काळात एकदम कोसळत. ते भागविण्यासाठी क्रेडिट कार्ड वापरले जाई आणि त्याचे व्याज पुढे कित्येक महिने चालू राही. तिसरे खाते मोबाइलवरून दिलेल्या किरकोळ रकमांचे. 2016 साली यूपीआय सुरू झाल्यापासून चहाचे दहा रुपयेही हाताला न जाणवता जातात. त्या खात्यातील बहुतेक नोंदी माझ्या होत्या. मी पत्नीपुढे तसे कबूल केले. ती एवढेच म्हणाली, "अहो, मग आता हा कागद भिंतीवर लावायचा का?"

अशी पत्रके वाचताना काही ठिकाणी फसगत होते. ती ठिकाणे सांगून ठेवतो. बचत खात्यातून मुदत ठेवीत टाकलेले पैसे हा खर्च नव्हे. मालमत्तेने केवळ जागा बदलली. कार्डावर घेतलेली वस्तू घेतल्या दिवशीच खर्चात पडते. पुढे कार्डाचे बिल भरणे ही देण्याची फेड होय. दोन्ही वेळा खर्च लिहिला तर तो दुप्पट दिसतो. गृहकर्जाच्या हप्त्याचेही तसेच. वीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 17,356 रुपये येतो. पहिल्या हप्त्यापैकी सुमारे 14,167 रुपये व्याजाचे, म्हणजे खर्चाचे. उरलेल्या 3,189 रुपयांनी मुद्दल फिटते. नोकरदाराने पगारही हाती आला तेवढाच लिहू नये. पूर्ण पगार उत्पन्नात दाखवावा, कापलेला प्राप्तिकर खर्चात घालावा आणि निवृत्तिवेतनासाठी कापलेली रक्कम मालमत्तेत जमा करावी. ती आपलीच आहे.

वार्षिक खर्चाला उपाय साधा आहे. 36,000 रुपयांची फी जूनमध्ये भरावयाची असेल, तर दरमहा 3,000 रुपये निराळ्या खात्यात ठेवावेत. यासाठी अंदाजपत्रक करावे लागते, आणि येथे सरकारी रिवाजातून शिकण्यासारखे आहे. सरकारच्या अंदाजपत्रकात गतवर्षाचे प्रत्यक्ष आकडे, चालू वर्षाचे मूळ व सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचे अंदाज शेजारीशेजारी छापतात. 'सुधारित अंदाज' हा रकाना मला फार शहाणपणाचा वाटतो. आपला अंदाज चुकला हे वर्षाच्या मध्येच मान्य करण्याची त्यात सोय आहे. घरच्या अंदाजपत्रकातही तो असावा. नाही तर पहिल्याच चुकीनंतर माणूस सारा खटाटोप सोडून देतो.

आणखी दोन पथ्ये. 'किरकोळ' हे खाते फुगू लागले, की त्याची फोड करावी. न आवडणारे खर्च तेथेच दडून बसतात. आणि हिशेबाची फाइल आपल्याच संगणकावर ठेवून तिची एक प्रत अन्यत्र जपावी. मोबाइलमधील संदेश वाचून आपोआप हिशेब ठेवणारी साधने सोयीची खरी, परंतु आपल्या घरची तेरीज दुसऱ्या कोणापाशी जाते, याचे भान असावे.

तेरीज खर्च दाखविते. तो योग्य की अयोग्य हे ठरविणे आपल्याकडेच राहते. आईच्या औषधपाण्याचे खाते आमच्याकडे वर्षभरात वाढलेले दिसले. त्याला आम्ही हात लावला नाही. कार्ड बंद केले, वार्षिक खर्चाची तरतूद दरमहा करू लागलो, आणि पुढल्या हिवाळ्यात तिच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया कोणाचे देणे न करता पार पडली.

गेल्या दिवाळीत गावी गेलो असता वडिलांची 1989 सालची वही हाती लागली. ती बरोबर आणली आणि चार रविवार खर्चून तिच्या साऱ्या नोंदी ग्नूकॅशमध्ये भरल्या. त्यांनी कधी न काढलेली तेरीज पडद्यावर उमटली. धान्य-किराण्याखालोखाल मोठा आकडा आम्हा भावंडांच्या फीचा आणि पुस्तकांचा होता. त्यांच्या स्वतःच्या कपड्यांच्या खात्यावर वर्षभरात एकच नोंद होती, आणि तीही चपलेच्या दुरुस्तीची. आईला तो कागद वाचून दाखविला. तिने चष्मा न लावताच तो माझ्या हातून घेतला आणि बराच वेळ स्वतः वाचत बसली.